शेवट असलेले मोबाईल गेम कुणी खेळतं का?

अबोली_डोंबिवली

नमस्कार मंडळी. माझ्याकडे गेमिंगचा पीसी नाही, कन्सोलही नाही. साधा अँड्रॉइड फोन आहे आणि रोजचा लोकलचा प्रवास आहे. माटुंग्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकडते, त्यामुळे बसायला जागा मिळते आणि माटुंग्यापर्यंतचा वेळ माझा असतो. त्या वेळात मी गेम खेळते. कित्येक वर्षं खेळते आहे आणि मनापासून आवडतं म्हणून खेळते. हा छंद लोकांना सांगण्यासारखा वाटत नाही, असं म्हणणारे खूप भेटतात. मला तसं कधी वाटलं नाही.

प्रश्न असा आहे. २०१३-१४च्या सुमाराला आमच्या लेडीज डब्यात सगळ्या जणी कँडी क्रश खेळायच्या. कुणाची लेव्हल कितवी यावर मुंब्र्यापर्यंत गप्पा चालत. पाच लाइफ संपल्या की अर्ध्या तासाने एक परत मिळायची. डोंबिवलीलाच संपल्या तर मुलुंडच्या आसपास एक हातात यायची. फेसबुकवरून एकमेकींना लाइफ पाठवायचो. ६५वी लेव्हल आम्हा सगळ्यांनाच आडवी आली होती. ती सुटली त्या दिवशी समोरच्या सीटवरच्या बाईंनी टाळी दिली, ती मला आजही आठवते. पण त्यानंतर मी शेकडो लेव्हल पार केल्या आणि त्यांतली एकही आठवत नाही. रंग आठवतात, आवाज आठवतो, ते चॉकलेट एक-एक घर खात पुढे सरकायचं ते आठवतं. मी काय केलं ते आठवत नाही.

याउलट मॉन्युमेंट व्हॅली. जुलैतला पाऊस, कुर्ला आणि सायनच्या मध्ये रुळांवर पाणी, गाडी जागच्या जागी उभी. कॉलेजातल्या एका मुलीने हा गेम सुचवला होता, तो फोनमध्ये घेऊन ठेवलेला होता. उघडला आणि गाडी हलेपर्यंत संपवला. दहाच प्रकरणं आहेत. आयडा नावाची टोकदार पांढऱ्या टोपीची राजकन्या, आणि असे मनोरे की बोटाने फिरवले की जिथे वाट नव्हती तिथे वाट दिसायला लागते. खालचा जिना वरच्या सज्जाला जाऊन मिळतो. एशर नावाच्या डच चित्रकाराची अशक्य इमारतींची चित्रं असतात ना, त्यांच्यावरून हे सुचलेलं आहे. त्यात एक पिवळा, एका डोळ्याचा खांब सोबती म्हणून येतो. बोलत नाही, चेहरा नाही, तरी त्याची काळजी वाटायला लागते. माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी वाकून बघत होती, मध्येच म्हणाली, "तो डावीकडचा फिरवा ना." ते खरंच डावीकडचंच होतं. प्रत्येक प्रकरण मला आज क्रमाने सांगता येईल.

तेव्हापासून मला वाटत आलं आहे की जे संपतं तेच लक्षात राहतं. गोष्टीला शेवट असला की आधीच्या सगळ्याला आकार येतो. आणि आता जे गेम सर्वात जास्त खेळले जातात, त्यांना शेवटच नसतो. त्यांना हजेरी हवी असते. रोज या, बक्षीस घ्या. आज आला नाहीत तर सात दिवसांची साखळी तुटेल. हा सीझन अमुक तारखेला संपतोय, त्याआधी हे हे करा. माझ्या फोनवर रात्री अकराला "तुमची पेटी वाट पाहतेय" अशी सूचना आली, तेव्हा मी तो गेम काढून टाकला. कॉलेजात मस्टरवर सही करते तेवढी पुरे आहे.

स्टारड्यू व्हॅली मला अपवाद वाटतो. तो कधीही संपवता येतो आणि कधीच संपवला नाही तरी चालतो. शहरातली कंपनीची नोकरी सोडून आजोबांच्या जुन्या शेतावर जायचं. पहिल्या दिवशी गावचे महापौर पार्सनिपच्या १५ बिया देऊन जातात. त्या पेरायच्या, पाणी घालायचं, चार दिवसांनी पीक काढायचं. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा, आणि ऋतू बदलला की ज्यांचा हंगाम संपला ती पिकं मरतात. गेममधला एक दिवस साधारण १४ मिनिटांचा, म्हणजे ठाण्याच्या आधी एक दिवस आरामात होतो आणि झोपलं की सेव्ह होतं. एरिक बॅरोन या एकाच माणसाने चार वर्षांहून जास्त काळ बसून हा बनवला. चित्रं त्याचीच, संगीत त्याचंच, गावातल्या माणसांची बोलणीही त्याचीच. २०१६ साली आला आणि कोट्यवधी प्रती खपल्या. मला त्यातली जी गोष्ट सर्वात मोलाची वाटते ती वेगळीच आहे. परीक्षांच्या काळात मी तो उघडतच नाही, आणि परत जाते तेव्हा गाय तिथेच उभी असते. तिला कुणी उपाशी ठेवलेलं नसतं. माझ्या गैरहजेरीची शिक्षा नाही.

तर मंडळी, असे गेम सुचवा. एकदाच पैसे द्यावे लागले तरी चालतील. नेटशिवाय चालायला हवेत. संध्याकाळी ठाण्यापर्यंत उभ्याने प्रवास असतो, एक हात दांडीला, त्यामुळे भराभर बोटं चालवावी लागतील असं काही नको. आणि गेम संपल्यावर तुमच्याकडे काय उरतं तेही लिहा. मला ते खरंच वाचायचं आहे.

---

निखळ

अल्टोज ओडिसी. वाळूच्या टेकड्यांवरून घसरत जायचं, एका बोटाने उडी. त्याला शेवट नाही, पण झेन मोड आहे. त्यात गुण नाहीत, नाणी नाहीत, पडलात तर तिथूनच उठून पुढे. हवं तेव्हा बंद करायचं. तुमच्या नियमात बसत नाही, तरी सुचवतोय, कारण त्यातली संध्याकाळ फार सुंदर आहे.

---

गिरगावकर_काका

अबोली, तुमचा धागा दोनदा वाचला. मी आता फोनवर फारसं खेळत नाही, डोळ्यांना त्रास होतो. पण शेवटाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर बोलायला हवं, कारण आम्ही शेवटासाठी पैसे मोजलेली पिढी आहोत.

नव्वदीच्या दशकात आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तीन मशीन, एक ट्यूबलाइट, एक पंखा. एक रुपयाला एक टोकन. तिथला राजा म्हणजे मुस्तफा. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉम कंपनीने १९९३ला काढला, पण मुंबईत त्याला त्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. चार पात्रं होती, त्यांतला पिवळ्या टोपीवाला मुस्तफा सगळ्यांना हवा असायचा, कारण त्याची उडती लाथ. "मुस्तफा खेळायला जातो" असंच म्हणायचे.

त्याला शेवट होता. आठ टप्पे. पण तो शेवट गाठायला किती टोकनं जातात हे ज्याने बघितलंय त्याला कळेल की ते मशीनसुद्धा आपल्या खिशाकडेच बघत होतं. थोडं पुढे जाऊ द्यायचं आणि मग असा एक दांडगा समोर आणायचा की लाइफ भराभर उडाल्या पाहिजेत. पडद्यावर दहापासून उलटे आकडे सुरू व्हायचे, आणि त्या दहा सेकंदांत मुलगा खिशात हात घालायचा. म्हणजे शेवट असला की गेम प्रामाणिक, असं मला म्हणता येत नाही. शेवट हेच तिथे आमिष होतं.

तरी तुमचं म्हणणं मला दुसऱ्या बाजूने पटतं. आमच्यातल्या एकाने एका शनिवारी दुपारी मुस्तफा पूर्ण केला. खेळत तो एकटा होता, पण मागे आम्ही दहा-बारा जण उभे. शेवटच्या दांडग्याला त्याने पाडलं तेव्हा पार्लरवाल्या मामांनी सगळ्यांना गोळीसोडा दिला. मी स्वतः तो गेम कधीच पूर्ण केला नाही आणि तरीही मला तो शेवट माझा वाटतो. मोबाईलवर हे होत नाही. तुमच्या शेजारी वाकून बघणारी ती मुलगी मला म्हणूनच फार आवडली.

नंतर घरी काळी कॅसेट लावायचा गेम आला. कॉन्ट्रा, ८ टप्पे. वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे बी ए, की ३० लाइफ. हा मंत्र मुळात कोनामीच्याच ग्रॅडियस नावाच्या १९८६च्या गेममधला, पण आमच्याकडे तो कॉन्ट्राचाच. मारिओचे ३२ टप्पे. सेव्ह करायची सोय नाही, त्यामुळे सुट्टीत सकाळी बसलं की संध्याकाळपर्यंत टीव्ही गरम. सात किल्ले जिंकल्यावर प्रत्येक वेळी कळायचं की राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे. आठव्यात ती सापडली तेव्हा आईसुद्धा हातातलं काम ठेवून बघायला आली होती.

आणि एक गंमत सांगतो. पॅकमॅनला बनवणाऱ्यांनी शेवट ठेवलाच नव्हता. पण मशीनमधला टप्प्यांचा आकडा २५५च्या पुढे मोजता येईना, म्हणून २५६व्या टप्प्यात अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो आणि पुढे जाताच येत नाही. टेट्रिसचंही तेच. १९८४मध्ये मॉस्कोत जन्मलेला हा खेळ, ठोकळे येतच राहतात. २०२३च्या डिसेंबरात अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा त्याची जुनी निन्टेंडोची आवृत्ती खेळत इतका लांब गेला की १५७व्या लेव्हलला गेमच गोठला. आधी माणसं हरत, इथे यंत्र थांबलं. मी ती बातमी वाचून घरी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

---

सुमती_ठाणे

माझा गेम एकच, लुडो किंग. तो आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६मध्ये काढला हे मला लॉकडाऊनमध्ये कळलं आणि अभिमान वाटला. तेव्हा कोल्हापूरची बहीण आणि मी दुपारी जेवणं आवरली की रूम उघडायचो, अजूनही उघडतो. कोण जिंकलं ते संध्याकाळी लक्षातही नसतं. पण सोंगटी मारली की ती फोनवर ओरडते ना, त्यासाठी मी खेळते. अबोली, रोजची हजेरी कधी कधी आपल्या माणसासाठीही असते हो.

---

पिक्सेलकाम

मी अंधेरीतल्या एका स्टुडिओत लेव्हल डिझाइन करतो. गेम फुकट वाटायचे आणि आतून पैसे मिळवायचे, अशा प्रकारचं काम. पडद्यामागे काय चालतं ते थोडं सांगतो.

फुकट गेम डाउनलोड करणाऱ्यांपैकी बहुतेक जण कधीच एक पैसाही देत नाहीत. जे थोडे देतात त्यांच्यावर आणि जाहिरातींवर सगळं चालतं. पण कोण देणार हे आधी कळत नाही. म्हणून सगळ्यांनाच धरून ठेवावं लागतं. आमच्या मीटिंगमध्ये तीन आकडे सारखे येतात: डी-वन, डी-सेव्हन, डी-थर्टी. आज शंभर जण आले तर उद्या त्यांतले किती परत आले, आठवड्याने किती, महिन्याने किती. ज्या गेमला शेवट आहे त्याचा तिसरा आकडा चांगला येणारच नाही, कारण लोक गेम पूर्ण करून समाधानाने निघून गेलेले असतात. आमच्या तक्त्यात समाधानाने गेलेला आणि कंटाळून गेलेला हे दोघे सारखेच दिसतात. मला स्वतःला या धंद्यातली ही गोष्ट सर्वात जास्त खुपते.

तुमची अर्ध्या तासाची लाइफ दोन कामं करते. एक, तुम्हाला थांबवते, म्हणजे कंटाळा यायच्या आत खेळ बंद होतो. दोन, परत यायला कारण देते. सीझनचा पास त्याहून पुढचा. पैसे आधी भरायचे आणि मग खेळून खेळून बक्षिसं मिळवायची. नाही खेळलात तर भरलेले पैसे वाया. मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याची भीती माणसाला जास्त हलवते, त्यावर हे उभं आहे. डोटा २ने २०१३मध्ये असाच एक प्रकार आणला होता, फोर्टनाइटने तो घरोघरी नेला. कँडी क्रशची कंपनी २०१६ साली ५.९ अब्ज डॉलरना विकली गेली, ती एकेका लेव्हलसाठी नाही. एवढी माणसं रोज सकाळी तिथे येतात यासाठी.

पण एक बाजू मांडतोच. त्या न आठवणाऱ्या लेव्हल कुणीतरी बसून बनवलेल्या असतात. शेवटच्या चालीत सगळं फुटून रस्ता मोकळा व्हावा, यासाठी मी एकेक लेव्हल कित्येकदा खेळून बघतो, एक ठोकळा इकडे, एक तिकडे. ती तुम्हाला आठवली नाही तरी त्या मिनिटाला तुम्ही खूश व्हाल इतकं मला हवं असतं. ते काम मी मन लावून करतो.

आता तुमच्यासाठी. मॉन्युमेंट व्हॅलीचा दुसरा भाग २०१७चा, त्यात आई आणि तिची मुलगी आहे. सुरुवातीला मुलगी आईच्या मागे मागे चालते, आणि एका टप्प्यावर तिला एकटीला पाठवावं लागतं. पण त्याआधी फ्लॉरेन्स खेळा. २०१८चा, मेलबर्नच्या लोकांनी बनवलेला. मॉन्युमेंट व्हॅलीचा मुख्य डिझायनर केन वाँग याचाच. अर्ध्या-पाऊण तासात संपतो, म्हणजे तुमची सकाळची एक फेरी. फ्लॉरेन्स नावाची मुलगी क्रिश नावाच्या चेलो वाजवणाऱ्या मुलाच्या प्रेमात पडते, एवढीच गोष्ट. पहिल्या भेटीत बोलायचं म्हणजे संवादाच्या फुग्याचे तुकडे जुळवायचे. आधी तुकडे खूप असतात, ओळख वाढत जाते तसे कमी होतात, मग एकाच तुकड्यात वाक्य पूर्ण. नंतर भांडण होतं तेव्हा तुकड्यांना टोकदार कडा येतात. मी हे पहिल्यांदा खेळलो तेव्हा फोन बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो. एकही शब्द न वापरता नातं कसं चाललंय ते बोटांना कळतं. यासाठी मी या क्षेत्रात आलो.

लॅपटॉप मिळाला तर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी बघा, २०२०चा. भावाला शोधत निघालेली मुलगी, पहाडी चित्रशैली, राजस्थानी किल्ले. लढाया आहेत, त्यामुळे दांडी धरून जमणार नाही.

---

जांबोरीचा_पोरगा

ताई, मी तुमच्या उलट बाजूचा. बीजीएमआय खेळतो, म्हणजे पबजीची भारतातली आवृत्ती, त्याआधी पबजी. रँक वाढवायला खेळतो, पास पण घेतो. तुम्ही म्हणता हे गेम आठवत नाहीत. मला आठवतात, म्हणून लिहितोय.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले चौघे. शाळा एक, क्लास एक, मैदान एक. रिडेव्हलपमेंट लागली, इमारत रिकामी केली, आणि एकाच मजल्यावरचे आम्ही चार दिशांना गेलो. कोण ट्रान्झिटमध्ये, कोण भाडं घेऊन विरारला, कोण कळव्याला. पूर्वी रात्री जेवून जिन्याच्या कठड्यावर बसायचो. तो कठडा गेला. आता रात्री साडेदहाला गेमच्या लॉबीत भेटतो. एरँगेल, म्हणजे गेममधलं बेट, आमचा कट्टा आहे, ताई. माइक चालू असतो. मागे कुणाची तरी आई भांडी लावत असते तो आवाज येतो, कुणाच्या घरी सिरीयल चालू असते. कोणाचा इंटरव्ह्यू कसा झाला, कोणाच्या बाबांचा बीपी कसा आहे, सगळं तिथेच कळतं. पोचिंकीत, म्हणजे त्या बेटावरच्या गावात, उतरायचं की नाही यावर जेवढं भांडतो तेवढं कशावर भांडत नाही.

आणि शेवटाचं म्हणाल तर एक मॅच म्हणजे पूर्ण गोष्टच आहे. विमानातून १०० जण उतरतात, ८ किलोमीटर बाय ८ किलोमीटरचं बेट, झोन, म्हणजे जिवंत राहता येईल ती जागा, लहान लहान होत जातो, अर्ध्या तासात एकच टीम उरते. एकदा आम्ही तिघे पडलो होतो आणि कळव्याचा भाऊ एकटा गवतात झोपून राहिला. आम्ही तिघे श्वास रोखून त्याचा स्क्रीन बघतोय, कुणी बोलत नाही. तो जिंकला. ती मॅच मला तुमच्या मॉन्युमेंट व्हॅलीसारखी पायरी-पायरीने सांगता येईल. काकांनी पार्लरचं लिहिलं ना, मागे उभे राहून बघणारे, ते अगदी हेच आहे. आम्ही मागे उभेच होतो, फक्त विरारला आणि वरळीला.

आणखी एक. आमच्या गेमला शेवट झाला होता. २ सप्टेंबर २०२०ला सरकारने पबजीवर बंदी घातली, तरी ज्यांच्या फोनमध्ये होता त्यांचा चालू होता. मग ३० ऑक्टोबरला सर्व्हरच बंद. त्याच्या आदल्या रात्री आम्ही चौघे उतरलो, बंदुका उचलल्या नाहीत, गाडी घेऊन बेटाला चक्कर मारली. शाळेच्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहिलो. मग जुलै २०२१ला बीजीएमआय आला, जुलै २०२२ला पुन्हा स्टोअरवरून गेला, मे २०२३ला परत आला, वेळेची मर्यादा घेऊन. १८च्या आतल्यांना दिवसाला ३ तास, बाकीच्यांना ६. म्हणजे ताई, तुम्ही घेतलेला गेम तुमच्या फोनमध्ये तुमचा राहतो, आमचा कधीही काढून घेता येतो. या एका बाबतीत मला तुमचा हेवा वाटतो.

---

गिरगावकर_काका

पोरा, बंदुका न उचलता बेटाला चक्कर मारली, हे वाचून बरं वाटलं. चाळ सुटते म्हणजे काय ते मला माहीत आहे.

---

निखळ

वर्डल राहिला. रोज एकच शब्द, सहा प्रयत्न, की उद्यापर्यंत सुट्टी. रोजचाही आहे आणि रोज संपतोही. मिनी मेट्रोही बघा अबोली: स्टेशनं जोडायच्या रेषा काढायच्या, गोल-त्रिकोण-चौकोन म्हणजे प्रवासी, आणि एका स्टेशनवर गर्दी फार वेळ तुंबली की गेम संपला. दादरला उतरणाऱ्या माणसाला तो लगेच कळतो.

---

अबोली_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. वेगवेगळ्यांना लिहायचं आहे, पण एकत्रच लिहिते.

पिक्सेलकाम, फ्लॉरेन्स घेतला. आज सकाळी दिव्याला सुरू केला आणि घाटकोपर यायच्या आत संपला. तुम्ही फुग्यांचं सांगितलं होतंत, पण फडताळाचं सांगितलं नव्हतंत. क्रिश तिच्या घरी राहायला येतो तेव्हा त्याच्या वस्तूंना जागा करायला तिच्या काही वस्तू आत टाकाव्या लागतात. कुठली ठेवायची, कुठली काढायची ते आपण ठरवायचं. मी तिचं काही काढायलाच तयार नव्हते. आणि पुढे तेच सगळं खोक्यात भरायची वेळ येते तेव्हा हात जड झाला. लग्न करून नव्या घरात आलेल्या प्रत्येक बाईला ते फडताळ ओळखीचं वाटेल. क्रिशचं आडनाव हेमराजानी आहे, हे बघून आणखी जवळचा वाटला. तुम्ही तुमच्या लेव्हलबद्दल लिहिलंत त्यासाठीही आभार. उद्या कुणाच्या फोनवर ठोकळे फुटताना दिसले की त्यामागे कुणीतरी अंधेरीत बसलेलं आहे हे माझ्या डोक्यात राहील. मात्र समाधानाने गेलेला माणूस तक्त्यात वेगळा दिसायला हवा, हे तुमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी बोलाच.

काका, मशीनही खिशाकडेच बघत होतं हे मान्य. पण फरक बघा: त्याने तुमचं टोकन घेतलं आणि पार्लरच्या बाहेर पडल्यावर तुम्हाला सोडून दिलं. घरी रात्री अकराला तुमचं दार वाजवलं नाही. मला एवढंच हवं आहे. पैसे घ्या, कठीणही करा, पण माझ्या उरलेल्या दिवसात शिरू नका. सुमतीताई, तुमची हजेरी मात्र मला मंजूर आहे, कारण ती बहीण मागते, गेम मागत नाही.

जांबोरीच्या पोरा, तुझ्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. तू म्हणतोस ती मॅच तुला पायरी-पायरीने आठवते. मला वाटतं ती आठवते कारण ती संपली. कळव्याचा मित्र गवतात पडून राहिला, जिंकला, आणि पडदा पडला. पासमधली जी बक्षिसं तू मिळवलीस त्यांतली किती तुला तशी आठवतात? मॅच तुमची आहे, पास त्यांचा आहे. या दोन गोष्टी मी आजवर एकत्रच बघत होते, तुझ्यामुळे वेगळ्या दिसायला लागल्या. आणि बेटाची ती चक्कर तर सगळ्यात सुंदर शेवट आहे. बनवणाऱ्यांनी दिला नव्हता, तुम्ही चौघांनी घडवलात.

माझा भाचा बीजीएमआय खेळतो. गणपतीत आला होता तेव्हा त्याच्या फोनवर थोडा वेळ बघितलं. मला गाडी चालवायची होती, तो म्हणाला, "मावशी, रस्त्यावरून नको, सगळे मारतील." एक विचारू का? लढायचं नसेल, नुसतं बेट फिरायचं असेल तर काही सोय असते का?

---

जांबोरीचा_पोरगा

बक्षिसांचं खरं आहे ताई. एक पिवळा हेल्मेट सोडला तर काही आठवत नाही. तो पण आठवतो कारण विरारवाला त्यावरून चिडवतो.

मॅचमध्ये नुसतं फिरणं कठीण आहे, कोणी ना कोणी टिपतोच. पण टीम चौघांचीच असते, म्हणून आमच्यातले दोघे येतो, एक पुढे आणि एक मागे गाडी लावतो, तुम्ही भाच्यासोबत मधल्या गाडीत बसा. समुद्राच्या बाजूने नेतो, तिकडे कमी जण उतरतात. झोन आला की आम्ही सांगू तेव्हा पळायचं. पोचिंकीत मात्र उतरायचं नाही, विरारवाला कितीही बोलला तरी.

गेम आधी घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा, जड आहे. रविवारी रात्री साडेदहा. भाच्याला पण घ्या. माइक चालू ठेवा.

---

सुमती_ठाणे

मलाही बघायला यायचंय. मागे उभी राहीन.